सायलेन्सरच्या पोटातले पॅकिंग

मोटारसायकलचा टायर झिजला की डोळ्यांना दिसतो, साखळी सैल पडली की पायाखाली जाणवते, ब्रेक संपत आला की बोटांना कळतो. परंतु सायलेन्सरच्या पोटात भरलेले काचतंतूंचे पॅकिंग संपले, याची वर्दी मालकाला कोणीच देत नाही, आणि ती वेळेवर न मिळाल्याने कॅलिफोर्नियात मला जो मनस्ताप सोसावा लागला तो इतरांच्या वाट्यास येऊ नये, एवढ्यासाठीच ही हकीकत.

सान होजेच्या दक्षिणेस हॉलिस्टर हिल्स नावाचे, कच्च्या वाटांवरून गाड्या हाकण्यासाठी राज्य सरकारने राखून ठेवलेले विस्तीर्ण उद्यान आहे. तेथे मी जुनी विकत घेतलेली चार-स्ट्रोक गाडी नेली होती, आणि तिचे पॅकिंग नुकतेच बदलले असल्याचा तोंडी हवाला विक्रेत्याने दिलेला होता. तपासनीसाने सायलेन्सरच्या तोंडापासून २० इंचांवर, ४५ अंशांच्या कोनात मापकयंत्र धरले, इंजिन ठरावीक गतीवर स्थिर करविले, आणि आकडा आला ९८. कायद्याची मर्यादा ९६ डेसिबलांची. दोनच डेसिबलांची तफावत, असे कोणी म्हणेल. परंतु हे माप लघुगणकी असल्यामुळे दोन डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दीडपटीहून अधिक, आणि तीन म्हणजे थेट दुप्पट. गाडी पुन्हा ट्रेलरवर चढविण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

घरी येऊन सायलेन्सर उघडला तेव्हा हवाल्याची किंमत कळली. मागच्या टोपणाचे रिव्हेट ड्रिलने काढून आतली सच्छिद्र नळी ओढली, तो तिच्याभोवती जेथे पांढरेशुभ्र दाट वेष्टन असावयास हवे तेथे जुन्या गादीतल्या कापसासारखे गोळे एका बाजूस सरकलेले, इंजिनाच्या बाजूचा भाग जळून पार निघून गेलेला, आणि नळीची कित्येक छिद्रे काजळीने बुजलेली. ध्वनिलहरी त्या छिद्रांतून तंतूंच्या जाळीत शिरतात आणि तेथील घर्षणाने त्यांची उष्णता होते, एवढेच या रचनेचे मर्म; तंतू गेले की उरते ती रिकामी पुंगळी, आणि छिद्रे बुजली तर तंतू असूनही निरुपयोगी. प्रथम चढतो तो आवाजातला तीक्ष्ण, कर्कश अंश. पाठोपाठ बाहेरचे कवच पूर्वीपेक्षा अधिक तापू लागते, आणि त्यावर डाग दिसले तर ते या व्याधीचे भरवशाचे लक्षण समजावे.

नवे पॅकिंग भरताना छिद्रे तारेच्या ब्रशने मोकळी करावी, वेष्टन निर्मात्याने सांगितलेल्या वजनाचेच घ्यावे व ते ठासून भरू नये, कारण अति दाबलेले तंतूही ध्वनी शोषीत नाहीत. घराच्या भिंतीत घालतात ती काचलोकर स्वस्त पडते म्हणून वापरण्याचा मोह पुष्कळांस होतो. ती या उष्णतेत टिकत नाही. हातमोजे, चष्मा व नाकावर पट्टी यांत हयगय नको. तंतू त्वचेत शिरले की खाज दोन दिवस पाठ सोडीत नाही. पहिल्या वेळी इंजिन सुरू करताच थोडा धूर येईल, त्याने घाबरू नये. माझ्या गाडीचा आकडा यानंतर ९४ वर आला.

मुदतीचा प्रश्न राहिला. शर्यतीत पिळून काढलेल्या गाडीला वीस-तीस तासही पुष्कळ होतात. दोन-स्ट्रोक इंजिनाचे तेल तंतूंत मुरते, सबब तेथे मुदत आणखी तोकडी. रस्त्यावर शांतपणे चालणाऱ्या गाडीला मात्र पंधरा-वीस हजार किलोमीटर सहज निभतात. अशा गाड्यांचे कंपनीतून येणारे बहुतेक सायलेन्सर कप्प्यांच्या रचनेवर चालतात, त्यांना ही दगदगच नाही.

येथे एक खुलासा अवश्य आहे. रस्त्यावरील गाड्यांसाठी संघराज्याच्या पर्यावरण खात्याने १९८६ पासून ८० डेसिबलांची मर्यादा घातलेली आहे; ती चालत्या गाडीची, सुमारे ५० फुटांवरून मोजलेली असल्याने वरच्या ९६ शी तिची तुलना करू नये. २०१३ पासून बनलेल्या गाड्यांच्या सायलेन्सरवर त्या खात्याच्या नियमानुसारचा शिक्का असणे कॅलिफोर्नियात सक्तीचे आहे, आणि शिक्का नसलेल्या सायलेन्सरात कितीही उत्तम पॅकिंग भरले तरी तो कायदेशीर ठरत नाही. पुण्या-मुंबईत जप्त केलेल्या फटाकेबाज पुंगळ्यांवर पोलीस रोडरोलर फिरवितात. इकडे कागद फिरतो, एवढाच काय तो फरक.

मालकाच्या कानावर मात्र कोणीही विसंबू नये. आवाज इतक्या सावकाश चढतो की कान रोज थोडा थोडा सरावत जातो, आणि त्यात त्याचे स्वतःचेही नुकसान चाललेले असते. १०० डेसिबलांचा मारा दिवसातून १५ मिनिटांपेक्षा अधिक सोसू नये, अशी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. तेव्हा जुनी गाडी घेणाराने पैसे मोजण्यापूर्वी तासमापकावरील आकडा व पॅकिंग बदलल्याची लेखी नोंद मागून घ्यावी, आणि नोंद नसेल तर पॅकिंग संपलेलेच आहे असे धरून किंमत ठरवावी.