वापरलेले इंजिन तेल : जाळावे की जपावे?

डिझेल इंजिन कोणत्याही तेलावर चालते, असा समज सर्वत्र आढळतो. तो सर्वस्वी निराधार नाही. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. त्यामुळे डिझेलचे दर वाढले की, विहिरीवर इंजिन चालविणाऱ्या शेतकऱ्याचे किंवा मालमोटारीच्या मालकाचे लक्ष कोपऱ्यातील काळ्या तेलाच्या डब्याकडे जाते. हे 'जळके ऑइल' फडक्याने गाळून डिझेलमध्ये मिसळले तर चार पैसे वाचतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या बचतीचा हिशेब पुरता मांडून पाहणे आवश्यक आहे.

दाटपणाची अडचण

डिझेल आणि इंजिनाचे वंगण ही दोन्ही खनिज तेलापासूनच निघतात. समान वजनाचे डिझेल व वंगण जाळल्यास मिळणारी उष्णताही जवळपास सारखीच असते. अडचण उष्णतेची नसून फवाऱ्याची आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा साधारण १६ ते २० पट दाबली जाते, ती ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि नोझलच्या अतिशय बारीक छिद्रांतून आलेला इंधनाचा फवारा तिच्यात आपोआप पेट घेतो. हे सर्व सेकंदाच्या अल्पशा भागात घडावयाचे असल्याने फवाऱ्याचे तुषार अत्यंत सूक्ष्म असावे लागतात.

भारतीय मानकानुसार ४० अंश तापमानास डिझेलची श्यानता, म्हणजे दाटपणा, २ ते ४.५ सेंटीस्टोक असावा लागतो. '४०' ग्रेडच्या नव्या इंजिन तेलाची श्यानता १०० अंशांनाही किमान १२.५ सेंटीस्टोक असते. म्हणजे उकळत्या पाण्याइतके तापवूनही ते डिझेलच्या कमाल मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट दाट राहते. अशा तेलाचे थेंब मोठे पडतात व पूर्ण जळत नाहीत. त्यांची काजळी नोझलच्या टोकावर व पिस्टनच्या खाचांत साचते, रिंगा चिकटतात, धूर काळा होतो आणि इंजिनाची शक्ती घटते. दाटपणा कमी करण्यासाठी काही जण त्यात पेट्रोल मिसळतात. हा उपाय तर धोक्याचाच आहे. पेट्रोलच्या वाफेमुळे ते मिश्रण साठवणे व हाताळणे म्हणजे आगीस निमंत्रण होय.

गाळल्याने काय निघते?

फडक्यातून किंवा साध्या फिल्टरमधून कचरा निघतो. अतिसूक्ष्म काजळी मात्र पार होते. फ्युएल पंपातील प्लंजर व बॅरल यांच्यामधील फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. तेथे झिजलेल्या लोखंडाचे, तांब्याचे व शिशाचे कण घासकागदाचे काम करतात. शिवाय इंजिन तेलात कॅल्शियम, जस्त व फॉस्फरस यांची संयुगे मुद्दाम घातलेली असतात. ती तेलात विरघळलेली असल्यामुळे कोणताही फिल्टर त्यांना अडवू शकत नाही. जळल्यावर त्यांची राख होते. डिझेलमधील राखेची मर्यादा ०.०१ टक्का आहे. इंजिन तेलात राखेचे प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांच्या डिझेल वाहनांत धूर गाळणारा फिल्टर असतो. ही राख त्यात अडकून राहते व तो फिल्टर निकामी होऊ शकतो.

मोठ्या जहाजांची इंजिने दाट, काळे इंधन तापवून व शुद्ध करून वापरतात. तरीही त्या इंधनासाठी असलेले आयएसओ ८२१७ हे आंतरराष्ट्रीय मानक त्यात वापरलेले वंगण तेल मिसळू देत नाही. जे जहाजाला चालत नाही, ते शेतावरील लहान इंजिनावर लादणे शहाणपणाचे नव्हे.

खरी बचत

डिझेल वाचविण्याचे मार्ग अन्यत्र आहेत. १९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने कृषिपंपांसाठी कमी अडथळ्याचे फूट व्हॉल्व्ह व गुळगुळीत पीव्हीसी पाइप यांचा पुरस्कार केला. पाइपची अनावश्यक वळणे टाळणे, पाणी गरजेपेक्षा उंच न चढविणे, सांध्यांतील गळती थांबविणे, हवेचा फिल्टर स्वच्छ ठेवणे आणि नोझल वेळोवेळी तपासून घेणे या साध्या उपायांनी इंधन वाचते व इंजिनाचे आयुष्यही वाढते.

तेलाचा योग्य मार्ग

लोक त्याला 'जळके' म्हणत असले, तरी हे तेल बहुतांशी जळालेले नसते. ते मळलेले असते. पाणी व हलके इंधन काढून, निर्वात ऊर्ध्वपातन करून व पुढील शुद्धीकरण करून त्याच्यापासून पुन्हा मूळ वंगण मिळते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबानुसार जेवढे वंगण १५९ लिटर खनिज तेलातून निघते, तेवढेच, म्हणजे सुमारे २.४ लिटर, अवघ्या ३.८ लिटर वापरलेल्या तेलातून मिळते. खनिज तेलातून इतर पदार्थही निघतात हे खरे. तथापि खनिज तेलाची मोठी आयात करणाऱ्या आपल्या देशाने हा हिशेब दुर्लक्षून चालणार नाही.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक टाकाऊ पदार्थ गणला जातो व त्याचे पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची अनुमती लागते. १ एप्रिल २०२४ पासून अशा तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. परंतु या साखळीची पहिली कडी वापरणाऱ्याच्याच हाती आहे. इंजिनातून काढलेले तेल झाकणाच्या स्वच्छ डब्यात वेगळे ठेवावे. त्यात पाणी, थिनर किंवा ब्रेक ऑइल मिसळू नये. ते गटारात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये आणि उघड्यावर जाळू नये. गावातील किंवा तालुक्यातील गॅरेजांनी एकत्र येऊन ते साठविले व प्राधिकृत संकलकाकडेच दिले, तर ज्या तेलाने एकदा इंजिन राखले, तेच तेल पुन्हा इंजिन राखण्याच्या कामी येईल.