ट्रॅक्टर घेतेयस ना, मग आधी एवढं ऐक

अगं, तू फोनवर म्हणालीस की पंधरा एचपीचा घ्यायचा की चोवीसचा, एवढंच आता घरात ठरायचं राहिलंय. त्यात भाच्याने मोबाइलवर ते एटीव्ही दाखवलं. मोटारसायकलसारखं हँडल, चार फुगीर टायर. त्याला तर तीसच्या वर एचपी, मग तेच का नको, असा त्याचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे. पण फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा नाही, म्हणून सवडीने लिहितेय. पैसा तुमच्या दोघांच्या घामाचा आहे आणि हप्ते पुढची काही वर्षं कांद्याच्या भावावर फिटणार आहेत.

बॉनेटवर मोठ्या अक्षरात लिहिलेला एचपी बघून ट्रॅक्टर निवडू नकोस. एचपी म्हणजे इंजिन काम किती झटपट उरकतं याचं माप. एक एचपी म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ताकद. या हिशेबाने चोवीस एचपीचं मशीन माणसाच्या सावकाश चालीने, म्हणजे सेकंदाला एक मीटरने, कागदावर अठराशे किलोची ओढ देईल. शेतात मात्र ते कधीच होत नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी चाकं जागेवर फिरायला लागतात. रस्सीखेचीत दंड कितीही भरदार असोत, अंगात वजन आणि पायाखाली पकड नसेल तर माणूस फरफटत जातो, तसंच हे. घट्ट जमिनीवर ट्रॅक्टरची ओढ ढोबळमानाने ओढणाऱ्या चाकांवरच्या वजनाच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत मिळते. भुसभुशीत रानात त्याहून कमी, चिखलात आणखी कमी.

आता भाच्याचं एटीव्ही घे. पोलारिसचं स्पोर्ट्समन 570 भारतात ट्रॅक्टर म्हणून मंजूर होऊन आलं होतं, किंमत आठ लाखांच्या घरात. इंजिन 567 सीसीचं, दमदार. पण गाडीचं स्वतःचं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास. वर माणूस बसला तरी चारशे. चारही चाकांनी जोर लावला तरी ओढ दोनशे-अडीचशे किलोच्या पुढे जात नाही. कंपनी सांगते ती साडेपाचशे किलोची टोइंग क्षमता म्हणजे ही ओढ नव्हे. मागे किती वजनाची ट्रॉली लावावी, त्याचा तो आकडा आहे, आणि तोही सपाट वाटेचा. साडेपाचशे किलो म्हणजे ट्रॉलीचं लोखंड वजा केलं तर कांद्याच्या सहा-सात गोण्या. मोठ्या कुरणांच्या देशांत ही गाडी कुंपणाचे खांब, चारा, फवारणीची टाकी घेऊन दिवसभर हिंडते आणि त्या कामाला ती खरोखर चांगली. रुंद टायर कमी हवेवर चालतात, म्हणून ओल्या रानात रुतत नाही. पण बऱ्याच एटीव्हींमध्ये गिअरच्या जागी पट्ट्यावर चालणारी रचना असते. जड ओझं मुंगीच्या पावलाने बराच वेळ ओढलं की पट्टा तापतो. नांगर, रोटाव्हेटर, कांद्याची भरलेली ट्रॉली ही कामं तिची नव्हेत. भाच्याला समजावून सांग, पण त्याचं नाक कापू नकोस. त्याने डोकं चालवलं हेच मला आवडलं.

आता तुमची ट्रॉली. भरलेली छोटी ट्रॉली, लोखंडासकट दोन टन धर. डांबरी रस्त्यावर सपाटीला ती चालती ठेवायला चाळीस ते साठ किलोची ओढ पुरते. म्हणूनच तर नांदगावच्या बाजार समितीच्या वाटेवर अगदी लहान ट्रॅक्टरही वाघासारखा पळताना दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, याच्यात लई दम आहे. तीच ट्रॉली मऊ रानात घाल, दोनशे ते तीनशे किलो लागतात. अवकाळीने काळी जमीन भिजली असेल तर चारशेही. वर दहा फुटांना एक फूट असा चढ आला की आणखी दोनशे. तुमच्या खालच्या वावरातून बांध चढून रस्त्याला लागायची ती जागा आठव. उन्हाळ कांदा काढून झालाय, आभाळ भरून आलंय, चाळीपर्यंत माल न्यायचा आहे. अशा वेळी त्या चढाला पाचशे किलोची ओढ लागते. ट्रॅक्टर या घटकेसाठी घ्यायचा, डांबरी रस्त्यासाठी नाही.

स्वराज 717 किंवा महिंद्राचा युवराज 215, दोन्ही पंधरा एचपीचे, एका सिलेंडरचे, 863.5 सीसीचे. कोळपणी, फवारणी, सारी पाडणं, घरापर्यंत चारा आणणं याला उत्तम, डिझेलही बेतात खातात. पण जोर फक्त मागच्या दोन चाकांवर. साधारण आठशे किलोच्या मशीनचं दोन तृतीयांश वजन मागे धरलं, तर त्या चढावर फार तर अडीचशे-पावणेतीनशे किलो ओढ मिळेल. पाचशेला ते पुरायचं नाही. चोवीस एचपीत महिंद्राचा जिवो 245 आहे, दोन सिलेंडरचा. कुबोटाचा निओस्टार बी 2441 तीन सिलेंडरचा, 1123 सीसी. दोन्ही चारही चाकांनी ओढतात, म्हणजे सगळं वजन कामाला लागतं. तरी त्याच चढावर चारशेच्या आसपासच धर. म्हणजे भरलेली ट्रॉली दोन टनांऐवजी दीड टनांची ठेवायची आणि एक खेप जास्त मारायची. मी तुझ्या जागी असते तर चोवीसचा, फोर बाय फोरच घेतला असता. पंधरा आणि चोवीसच्या इंजिनांतल्या फरकापेक्षा दोन चाकं आणि चार चाकं हा फरक तुमच्या त्या बांधावर मोठा आहे.

दुकानात तुला दोन आकडे सांगतील, त्यांत गोंधळू नकोस. "साडेसातशे किलो उचलतो" असं म्हणाले तर ती मागच्या हायड्रोलिकची उचल. अवजार वर धरायची ताकद ती, ट्रॉली ओढायची नव्हे. दुसरा पीटीओचा, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा, एचपी. तो इंजिनाच्या एचपीपेक्षा थोडा कमीच असतो आणि रोटाव्हेटरसाठी तोच बघायचा. टॉर्क विचारलास तर तो किती फेऱ्यांना मिळतो तेही विचार. कमी फेऱ्यांना जास्त टॉर्क देणारं इंजिन चढावर धापा टाकत नाही. आणि खरी ओढ हवी असेल तर मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, तिचा अहवाल माग. ड्रॉबारवर, म्हणजे ट्रॉली जोडायच्या मागच्या दांड्यावर, किती ओढ मिळाली आणि तेव्हा चाकं किती टक्के घसरत होती, दोन्ही त्यात छापलेलं असतं. विक्रेता चाचरला तरी मागून घे.

ओढण्याइतकीच, खरं तर जास्त, काळजी मला थांबण्याची वाटते. लहान ट्रॅक्टरने मोठी ट्रॉली सपाटीला ओढली जाते, पण उतारावर तीच ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा करते. कासारी घाटासारखा उतार असो नाहीतर ओढ्याकडे जाणारी गाडीवाट, उतरताना लो गिअरच ठेवायचा. न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं नाही, कुणी कितीही सांगो. डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो तो शेतात वळायला. रस्त्याला लागलीस की दोन्ही पेडल कडीने जोडून टाकायचे. एकाच चाकाला ब्रेक लागला की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. ट्रॉली जोडायची ती खालच्या ड्रॉबारलाच. रुतलेलं काही उपसायला साखळी वरच्या लिंकला अडकवली तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो. हिचच्या, म्हणजे ट्रॉलीच्या जोडणीच्या, पिनेला खालून कडी घातल्याशिवाय निघायचं नाही. ट्रॉली मागे घेताना पिन धरून मध्ये कुणी उभं राहायचं नाही, लेकरं तर नाहीच.

आणि बाई, हा ट्रॅक्टर चालवणार तू आहेस. तुझे यजमान नोकरीवरून घरी येतात तेव्हा दिवस मावळलेला असतो. पण दुकानात किंमत त्यांना सांगतील, चावी त्यांच्या हातात देतील आणि तुला चहा विचारतील. तू सीटवर चढून बस. क्लच पूर्ण दाबला जातो का, ब्रेकवर पायाचा जोर बसतो का, वळून मागची हिच दिसते का, ते बघ. सीट पुढे सरकत नसेल तर तो ट्रॅक्टर तुझा नव्हे, मग त्याची ओढ काही का असेना. शेजारच्या चांदवडला 1986 साली शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं आणि त्यानंतर शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमीन करून दिली. बाईच्या नावावर मालकी असणं आपल्या भागाला नवीन नाही. सातबाऱ्यावर तुझं नाव आहे, तर महाडीबीटी पोर्टलवरचा अनुदानाचा अर्जही तुझ्याच नावाने कर. महिला शेतकऱ्यांना अनुदानही जास्त मिळतं. पूर्वसंमतीचं पत्र हातात पडेपर्यंत मात्र बिल फाडू नकोस, नाहीतर अनुदान गेलंच म्हणून समज.

डेमो त्यांच्या शोरूमसमोरच्या डांबरावर घेऊ नकोस. तुमच्या वावरात घे, आदल्या दिवशी पाणी दिलेल्या तुकड्यात, तुमचीच ट्रॉली भरून. बांधाच्या मध्यावर थांबव आणि तिथून परत उचलायला लाव. चाकं नुसती फिरताहेत का, पुढचं उचलतंय का, इंजिन बंद पडतंय का, ते बाजूला उभं राहून बघ. मग एकदा तू स्वतः चालव. मला आदल्या रात्री फोन कर, सकाळच्या गाडीने येते. चढावर ट्रॉलीच्या चाकामागे दगड लावायला कुणीतरी लागेलच.