यंत्र अडले तर पाठ अडतो काय?

कोन हे भिवंडी तालुक्यातले गाव. उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेले. पूल ओलांडला की पलीकडे कल्याण आणि तिथला दुर्गाडी किल्ला. भिवंडीच्या मागांची खटखट या भागाला नवी नाही. वीज गेली की माग थांबतो, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

आता शाळेतही यंत्रे आली आहेत. तीही कधी कधी थांबतात. मग गुरुजींनी काय करावे? आणि आपण काय करावे? ते आज पाहू.

समजा, कोनसारख्या एका गावात शाळा आहे. सातवीचा वर्ग भरला आहे. बाईंना आज भरती-ओहोटीचा पाठ शिकवायचा आहे. वर्गात मोठा टीव्ही आहे. गावाने वर्गणी काढून तो घेतला आहे. पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला आहे. मोबाईलने तो टिपला की धड्याची चित्रफीत सुरू होते. मोबाईल टीव्हीला जोडला की ती साऱ्या वर्गाला दिसते. बाईंनी आदल्या रात्री घरी करून पाहिले होते. सगळे ठीक चालले होते.

आज मात्र पडद्यावर एक गोल नुसता फिरत राहिला. पोरे खुसखुसू लागली. बाईंनी मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. चित्र आले, पण आवाज येईना. आवाज आला, तोच वीज गेली. पडदा काळा झाला.

दारात एक पालक उभे होते. ते म्हणाले, "काय बाई, पडला का बंद तुमचा टीव्ही? वर्गणी गेली म्हणायची पाण्यात!"

सगळा वर्ग हसला. बाईंचा चेहरा उतरला. अर्धा तास फुकट गेला होता.

मंडळी, यात बाईंचे काय चुकले? नीट समजून घेऊ.

त्या चौकोनाला क्यूआर कोड म्हणतात. तो 1994 साली जपानमध्ये निघाला. मोटारीच्या कारखान्यात सुट्या भागांची नोंद ठेवायला त्याचा उपयोग होई. आज तोच चौकोन वाण्याच्या दुकानात पैसे देण्यासाठी लावलेला असतो. पुस्तकातल्या चौकोनात धडा नसतो, बरं का! त्यात असतो नुसता पत्ता. पाकिटावर पत्ता असतो ना, तसा. धडा असतो दूरच्या एका संगणकात. पत्ता वाचून मोबाईल तिथे मागणी करतो आणि नेटवर्क धडा घेऊन येते. म्हणजे मोबाईल हवा, नेटवर्क हवे आणि टीव्हीला वीज हवी. तिन्हींपैकी एक जरी नसले तरी गाडी अडते. घरी नेटवर्क होते, शाळेत ते क्षीण होते. यात बाईंचे अज्ञान नाही आणि आळसही नाही.

मागावर धागा तुटतो. म्हणून कामगार काही रडत बसत नाही. तो गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. बाईंनीही तेच केले. टीव्हीकडे पाठ फिरवली आणि मुलांना विचारले, "काल खाडीला पाणी कधी चढलं होतं? कुणी पाहिलं का?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती एरवी वर्गात बोलत नसे. ती म्हणाली, "बाई, काल आम्ही शाळेतून घरी गेलो तेव्हा चढलं होतं. आज त्याहून उशिरा चढेल."

"किती उशिरा?"

"आमचे आजोबा म्हणतात, रोज दोन घटका उशिरा."

आता कुणी हसले नाही. बाईंनी फळ्यावर गणित मांडले. एक घटका म्हणजे 24 मिनिटे. दोन घटका म्हणजे 48 मिनिटे. पुस्तकात लिहिले आहे, सुमारे 50 मिनिटे. आजोबांचा हिशोब जवळजवळ बरोबर निघाला!

मग बाईंनी पृथ्वी काढली, चंद्र काढला. चंद्र पाण्याला आपल्याकडे ओढतो, म्हणून भरती येते. पृथ्वी 24 तासांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते. पण तेवढ्यात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे 50 मिनिटे लागतात. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा.

दारातले पालक आता आत आले. म्हणाले, "बाई, अमावास्येला आणि पुनवेला पाणी फार चढतं. ते का?"

बाई म्हणाल्या, "बसा ना काका. त्या दिवशी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एक होते. म्हणून उधाण येतं."

दुसऱ्या दिवशी वीज होती, नेटवर्कही होते. बाईंनी चित्रफीत दाखवली. चंद्र पृथ्वीभोवती कसा फिरतो, ते काठावर उभे राहून दिसत नाही. ते पडद्यावर दिसले. मुलांना लगेच उमगले, कारण प्रश्न त्यांच्या मनात आधीच होता. यंत्र वाईट नव्हे. पण काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?

आपल्या महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणे घ्या. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले 2009 साली शिक्षक झाले. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या कामाबद्दल त्यांचे नाव झाले. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. रक्कम होती 10 लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्याच 2020 साली करोनामुळे शाळा बंद झाल्या. शिक्षण मोबाईलवर आले. पण कितीतरी घरांत तसा मोबाईलच नव्हता. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळ गावी एका स्वयंसेवी संस्थेने ध्वनिक्षेपक लावून मुलांना पाठ ऐकवले. मुले अंतर ठेवून बसत आणि ऐकत. मोठे यंत्र नव्हते, म्हणून लहान यंत्राने काम भागवले.

आता आपले काम काय? शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला. त्याप्रमाणे सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारातले तीन सभासद पालक असावे लागतात. निम्म्या सभासद बाया असाव्या लागतात. म्हणजे समितीत बसण्याचा हक्क तुमचा आहे. तिथे विचारा: विजेचे बिल भरले आहे काय? टीव्ही बिघडला तर दुरुस्तीला पैसे कुठून येतील? चित्रफीत आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवता येईल काय? तशी उतरवली तर नेटवर्क नसले तरी चालते.

आणि एक सांगतो. यंत्र बंद पडले तर दारातून हसू नका. आत जा. तुम्हांला खाडी ठाऊक आहे, शेत ठाऊक आहे, माग ठाऊक आहे. ते मुलांना सांगा. पोरांना खाडीवर पाणी पाहायला न्यायचे असेल तर गुरुजींबरोबर तुम्हीही जा. चिखलात कुणी उतरू नये, याकडे लक्ष ठेवा.

प्रश्न

1. क्यूआर कोडमध्ये काय असते? धडा की पत्ता?
2. चित्रफीत दिसायला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
3. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा का येते?
4. आज दुपारी 3 वाजता भरती आली, तर उद्या दुपारी सुमारे किती वाजता येईल?
5. तुमच्या गावच्या शाळा समितीत कोण कोण आहेत? त्यांची नावे लिहून काढा. त्यांत बाया किती, ते मोजा.