कापितोल टेकडी व तिचे नाव

रोम शहर सात टेकड्यांवर वसले होते, हे पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांपैकी तैबर नदीजवळची कापितोल ही आकाराने लहान, परंतु मानाने सर्वांत थोर. कारण तिच्यावर रोमी लोकांचा मुख्य देव ज्युपिटर याचे देऊळ होते. लुस्त्र येथील लोकांनी बर्णबाला ज्या ग्रीक देवाचे नाव दिले (प्रे. कृ. १४:१२), त्यालाच रोमी लोक ज्युपिटर म्हणत.

वारो नामक रोमी पंडित लिहितो की, या टेकडीस पूर्वी सातुर्न देवावरून व पुढे तार्पेया नावाच्या कुमारीवरून नाव पडले होते. मग तार्क्विन राजा देवळाचा पाया खणवीत असता जमिनीत मनुष्याचे मस्तक सापडले. त्याचा चेहरा जशाचा तसा होता, असे इतिहासकार लिवी सांगतो. दैवज्ञ म्हणाले, ही जागा जगाचे मस्तक होईल. लातिन भाषेत मस्तकास 'कापुत' म्हणतात, त्यावरून 'कापितोल'. ही गोष्ट खरी मानण्यास आधार नाही. नाव आधीचे व कथा मागून जुळविलेली असावी. आपल्याकडील कित्येक गावांच्या नावांच्या कथा दुसऱ्या कशा होतात? तथापि रोमी लोक ती खरी मानीत, आणि ते देऊळ इ. स. पू. ८३, इ. स. ६९ व इ. स. ८० असे तीनदा जळाले, तरी प्रत्येक वेळी त्यांनी ते पुन्हा बांधले.

इ. स. ७० मध्ये तीताने यरुशलेमेचे मंदिर जाळले. त्या मंदिरासाठी प्रत्येक यहूदी पुरुष दरवर्षी अर्धा शेकेल देत असे. कफर्णहूमात पेत्राजवळ मागितलेली पट्टी ती हीच (मत्तय १७:२४). मंदिर गेले, पण वेस्पासियन बादशहाने पट्टी बंद केली नाही. तीच रक्कम कापितोलावरील ज्युपिटरासाठी भरावी, असा त्याने हुकूम केला, आणि ती स्त्रियांकडून व मुलांकडूनही घेऊ लागले. आपल्या देवाचा पैसा मूर्तीच्या देवळात भरताना त्या लोकांस काय वाटले असेल!

इ. स. १३० च्या सुमारास हाद्रियान बादशहाने यरुशलेमेच्या जागी नवे नगर वसविण्याचे ठरविले व त्याचे नाव 'एलिया कापितोलिना' ठेविले. पहिला शब्द त्याच्या कुळाचा, दुसरा या टेकडीचा. यहूदी लोकांनी इ. स. १३२ मध्ये बंड केले, ते इ. स. १३५ मध्ये मोडले, आणि त्यांस त्या नगरात येण्याची बंदी झाली. नव्या नावाने जुने इतके झाकले की, पुढील गोष्ट घडू शकली.

इ. स. ३१० च्या सुमारास कैसरिया येथे काही मिसरी ख्रिस्ती लोकांस सुभेदारापुढे उभे केले. आईबापांनी ठेविलेली मूर्तींची नावे टाकून त्यांनी एलिया, यिर्मया, यशया, शमुवेल व दानिएल ही संदेष्ट्यांची नावे घेतली होती. (आमच्या वाचकांस यात नवल वाटणार नाही.) सुभेदाराने एकास त्याचे नगर विचारले. तो म्हणाला, "यरुशलेम." पौल ज्यास वरील यरुशलेम म्हणतो (गलती. ४:२६), ते त्याच्या मनात होते. सुभेदार त्याच देशावर अधिकार चालवीत होता, तरी हे नाव त्याने ऐकलेच नव्हते. ख्रिस्ती लोकांनी रोमाविरुद्ध कोठे तरी नगर वसविले आहे, असे त्यास वाटले, आणि ठिकाण काढून घेण्यासाठी त्याने त्या मनुष्याचे हाल केले. त्या वेळी कैसरियात राहणारा युसेबियस लिहितो की, तो मनुष्य डगमगला नाही. ते नगर पूर्वेकडे, सूर्य उगवतो त्या बाजूस आहे, एवढेच तो सांगत राहिला.