जिद्दीचा खेळाडू

(खेळात हार-जीत चालतच असते. परंतु हरल्यावरही जो मैदान सोडत नाही, तोच खरा खेळाडू. या पाठात अशाच एका खेळाडूची ओळख करून दिली आहे.)

मुलांनो, आपल्या ब्राह्मणपुरीत पीक निघाल्यावर मोकळ्या शेतात तुम्ही खेळता. बाभळीची वाकडी फांदी हीच तुमची हॉकीची स्टिक. चांगली स्टिक नाही म्हणून कुणी हिरमुसतो, कुणी खेळ सोडून घरी जातो. पुण्याजवळच्या खडकीत एका मुलाकडेही चांगली स्टिक नव्हती. पण त्याने खेळ सोडला नाही. त्याचे नाव धनराज पिल्ले.

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी झाला. त्याचे घराणे तमिळ. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करत. घरात पाच भाऊ आणि मिळकत थोडी. नवी स्टिक घेणे परवडत नसे. मग हे भाऊ मोडक्या स्टिका दुरुस्त करत, दुसऱ्यांनी टाकून दिलेले चेंडू उचलून आणत आणि चिखलाच्या जमिनीवर खेळत. आई मुलांना धीर देई. वाराणसीचे नामवंत खेळाडू महंमद शाहिद हे धनराजचे आदर्श होते. त्यांच्यासारखे चेंडू घेऊन धावण्याचा तो सराव करी.

थोरला भाऊ रमेश मुंबईत हॉकी खेळत असे. धनराजही मुंबईला गेला. तेथे त्याचा खेळ बहरला. १९८९ साली तो भारतीय संघात आला.

पुढे धनराज यांनी चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते कर्णधार होते. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी बरोबरी झाली. पेनल्टी स्ट्रोकच्या वेळी गोलरक्षक आशिष बल्लाळ भिंतीसारखे उभे राहिले आणि भारत जिंकला. हे सुवर्णपदक ३२ वर्षांनी मिळाले होते! पण त्यानंतर धनराज यांच्यासह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर ठेवण्यात आले. धनराज खचले नाहीत. ते पुन्हा संघात आले.

खरी कसोटी २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये लागली. पोलंडला हरवले की भारत उपांत्य फेरीत जाणार होता. भारत एका गोलने पुढे होता. सामना संपायला दोन मिनिटेही उरली नव्हती. तेवढ्यात पोलंडने गोल केला आणि बरोबरी झाली. पदकाची आशा मावळली. धनराज यांना ऑलिम्पिक पदक कधीच मिळाले नाही.

मग त्यांची मेहनत वाया गेली का? नाही. तेव्हा ते बत्तिशीत होते. या वयात पुष्कळ खेळाडू निवृत्त होतात. धनराज मात्र खेळत राहिले. २००३ साली क्वालालंपूर येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ असे हरवून पहिल्यांदाच आशिया चषक जिंकला. २००४ साली अथेन्समध्ये ते चौथे ऑलिम्पिक खेळले.

भारत सरकारने त्यांना राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार देऊन गौरवले. मुलांनो, पदक मिळणे नेहमी आपल्या हाती नसते. सराव करणे मात्र आपल्या हाती असते.

शब्दार्थ
हिरमुसणे – नाराज होणे
मिळकत – कमाई
सराव – पुन्हा पुन्हा केलेला अभ्यास
खचणे – हिंमत सोडणे
कसोटी – परीक्षा
आशा मावळणे – उमेद संपणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) धनराजचा जन्म कोठे झाला?
(आ) धनराजचे आदर्श कोण होते?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पिल्ले भाऊ कशाने खेळत?
(आ) सिडनीत पदकाची आशा का मावळली?
३. मैदान, मेहनत, हिंमत हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी दोन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.
४. तुम्ही हरल्यावर पुन्हा प्रयत्न केला, असा एक प्रसंग पाच वाक्यांत सांगा.