लोकरी किल्टची निगा

प्रश्न: मी एडिंबरोला राहतो. माझ्या लोकरी किल्टवर (चुण्यांच्या स्कॉटिश घागऱ्यावर) रश्श्याचा डाग पडला आहे. मशीनमध्ये धुऊ का?

उत्तर: मुळीच नको. पारंपरिक किल्टला चुण्यांमुळे सुमारे 8 वार कापड लागते. गरम पाण्याने आणि घुसळण्याने लोकर आटते, चुण्या मोडतात. थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने डाग टिपा, चोळू नका. तेलकटपणा उरलाच तर ड्रायक्लीनिंगला द्या. त्याआधी चुण्या धावदोऱ्याने टाचून घ्या. एरवी वापरानंतर मऊ ब्रश फिरवून रात्रभर हवेशीर जागी टांगा. इस्त्री ओलसर कापडावरून, नुसती दाबून करा. मळलेल्या लोकरीला कसर लवकर लागते, म्हणून किल्ट स्वच्छ करूनच कपाटात ठेवा. असा जपलात, तर पुढची पिढीही तो घालेल.