हरित इमारतींचे मानांकन : गुणपत्रिकेत काय असते, काय नसते

मोठ्या शहरांतील नव्या इमारतींच्या दर्शनी भिंतीवर ‘प्लॅटिनम’ किंवा ‘पंचतारांकित’ असा फलक आता सहज दृष्टीस पडतो. वसतिगृहाचे बांधकाम निघाले की वास्तुविशारदही असे मानांकन सुचवू लागले आहेत. त्यात देणगीदारांचा पैसा जाणार असेल, तर हे गुण कशाबद्दल मिळतात, ते समजून घेणे अगत्याचे आहे.

या पद्धतीचा उगम ब्रिटनमधील. तेथे १९९० साली ‘ब्रीम’ सुरू झाली. पुढे अमेरिकेत ‘लीड’ आली. हैदराबाद येथील सीआयआय-सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राच्या इमारतीला २००३ साली लीडचे प्लॅटिनम मानांकन मिळाले. अमेरिकेबाहेर हा मान मिळवणारी ती पहिली इमारत. मधला चौक, जाळीच्या भिंती, वनस्पतींच्या मुळांच्या साहाय्याने सांडपाण्याची शुद्धी ही तिची वैशिष्ट्ये. यातील चौक आणि जाळी आपल्या जुन्या वाड्यांना मुळीच नवी नव्हती, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

परदेशी निकष आपल्या उष्ण हवामानाला आणि वातानुकूलनाविना वापरल्या जाणाऱ्या इमारतींना पुरते लागू पडत नाहीत. म्हणून टेरी या संस्थेने ‘ग्रिहा’ ही भारतीय पद्धत विकसित केली आणि २००७ साली केंद्र शासनाने ती राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली. जागेची निवड, माती व झाडांचे रक्षण, पाणी, ऊर्जा, बांधकाम साहित्य, कचरा अशा विषयांना गुण देऊन एक ते पाच तारे दिले जातात. दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवनाला असे पाच तारे आहेत. त्याच्या छतावर ९३० किलोवॅट क्षमतेची सौर यंत्रणा आहे. २५०० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी ‘स्वग्रिहा’ ही सुटसुटीत आवृत्ती आहे.

खरी अडचण गुणांच्या बेरजेत आहे. लीडमध्ये एकूण ११० गुण. त्यांपैकी ८० मिळाले की प्लॅटिनम. बेरीज आली की एका विषयातील उणीव दुसऱ्यातून भरून काढता येते. लीडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत ऊर्जाबचतीचा किमान पायरीपलीकडे एकही गुण न घेता प्रमाणपत्र मिळवणे शक्य होते. सायकली ठेवण्याची सोय केली तरी एक गुण मिळे. २००७ साली ऊर्जेचे किमान दोन गुण सक्तीचे झाले. शिवाय पुष्कळसे गुण आराखड्यावरून, संगणकीय अंदाजावरून दिले जातात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २००९ साली लीडप्राप्त शंभर इमारतींचा प्रत्यक्ष ऊर्जावापर तपासला. सरासरीने त्या १८ ते ३९ टक्के कमी ऊर्जा वापरत होत्या. परंतु त्यांतील सुमारे २८ ते ३५ टक्के इमारती तशाच साध्या इमारतींपेक्षा अधिक ऊर्जा खात होत्या!

म्हणून मानांकन निरुपयोगी ठरते असे नाही. पाणी, सावली, वारा यांचा विचार पाया खणण्यापूर्वी करावयास ते भाग पाडते, आणि हा लाभ मोठा आहे. पत्र्याच्या छताखाली मे महिन्यातील दुपार काढलेल्यास त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. परंतु निधी अपुरा असेल, तर प्रमाणपत्राच्या शुल्कापूर्वी छताचे उष्णतारोधन, पश्चिमेच्या खिडक्यांवरील छज्जे आणि पावसाच्या पाण्याची टाकी यांना प्राधान्य द्यावे, असे माझे मत आहे.

इमारत उभी राहिल्यावरची तपासणी मात्र कोणालाही करता येते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो कार्यालयीन इमारतींना प्रत्यक्ष वापरावरून तारे देते. तीच रीत घ्यावी. बारा महिन्यांच्या विजेच्या देयकांतील युनिटे मिळवून त्यांना एकूण बांधीव क्षेत्राने भागावे. १००० चौरस मीटरच्या इमारतीत वर्षाला २०,००० युनिटे लागली, तर आकडा २० येतो. वसतिगृह रात्रंदिवस वापरात असल्याने त्याची तुलना कार्यालयाशी करू नये. त्याच वसतिगृहाच्या मागील वर्षाच्या आकड्याशी करावी. पाण्यासाठीही माणशी दररोज किती लिटर, असा हिशेब सातवी-आठवीचे विद्यार्थी सहज मांडू शकतील, आणि तो सूचनाफलकावर लावता येईल.